पणजीचं चरित्र लिहायचंय? आधी दुसऱ्यांचे बाप्तिस्मे वाचा

आमच्या पणजीबद्दल घरात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "फार देवभक्त बाई होती." त्यापुढे गाडी सरकत नाही. ठाण्याकडच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक, घरांत अशी एकेक पणजी असतेच, आणि तिच्यावर दोन पानं लिहायला बसलं की हाताशी एवढंच एक वाक्य असतं. फोटो नाही, पत्र नाही, सही तर नाहीच. तरी तिचं जगणं-मरणं बऱ्यापैकी उभं करता येतं. कसं, ते सांगते.

पहिल्यांदा पॅरिश, म्हणजे तिचं घर ज्या चर्चच्या हद्दीत यायचं ते, नक्की करा. आत्ताची नव्हे, तिच्या वेळची. लहान गावं तेव्हा एखाद्या जुन्या चर्चला जोडलेली असायची आणि माणसं शेताच्या बांधावरून लांबवर चालत मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जायची. माझ्या पणजीचं गाव आता घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये सापडत नाही, पण तिची पॅरिश सापडते. चर्चच्या नावावरूनही अंदाज बांधा. फातिमा मातेचं दर्शन १९१७ चं. त्या नावाच्या पॅरिशमध्ये १८८० चा बाप्तिस्मा (पाणी घालून बाळाला ख्रिस्ती करून घेण्याचा विधी) शोधायला गेलात तर फादर चहा पाजतील, पुस्तक काही निघायचं नाही. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्टसारख्या जुन्या चर्चपासून चौकशी सुरू केलेली बरी. आणखी एक: १९२८ पर्यंत साष्टी बेटावरची, म्हणजे ठाणे-मुंबईकडची, बरीच चर्चेस पोर्तुगीज पाद्रोआदोखाली (पोर्तुगालला चर्चवर मिळालेल्या अधिकाराखाली), दमणच्या बिशपकडे होती, नंतर ती मुंबईच्या आर्चबिशपच्या धर्मप्रांतात आली. त्यामुळे जुन्या नोंदी कुठे लॅटिन, कुठे पोर्तुगीज असतात. घाबरू नका, दहा-बारा शब्दांत काम भागतं. इंटरनेटवर ब्रिटिशकालीन मुंबईच्या चर्चनोंदी दिसतात, त्या बहुतेक गोऱ्यांच्या. त्यात वेळ घालवू नका.

पॅरिश ऑफिसात रविवारी मिस्सानंतर घुसू नका. आठवड्यातला दिवस विचारून घ्या, लेखी अर्ज न्या आणि त्यात नातं आणि साधारण पाच वर्षांचा टप्पा लिहा. "सगळं बघायचंय" म्हणालात की दार बंद. मोबाइल परवानगीशिवाय काढू नका; वही आणि पेन्सिल न्या. पेन नको, शंभर वर्षांच्या कागदाशेजारी शाई नकोच.

पुस्तकं मुख्यतः तीन: बाप्तिस्मा, लग्न, दफन. सगळे जण आपल्या माणसाचं नाव तिन्हींत शोधतात, तीन ओळी उतरवतात आणि हिरमुसून घरी जातात. बाईच्या वाट्याला स्वतःच्या अशा तीनच ओळी असतात. भाविक बाई मात्र दुसऱ्यांच्या ओळींत भरून राहिलेली असते. बहुतेक बाप्तिस्म्यांना गॉडफादर आणि गॉडमदर, म्हणजे बाळाचे धर्माचे आईबाप, लिहिलेले असतात. ते रकाने वाचा. गावातल्या कुणाकुणाच्या पोरांना तिने कडेवर धरलं, कोणत्या घरांशी येणं-जाणं होतं, कोणत्या घराशी अचानक थांबलं, हे तिथे कळतं. (आमच्याकडे एका घराचं नाव मधेच गायब होतं. बांधावरून भांडण, असं आत्या म्हणते. देवभक्त बायकांनाही बांध असतो.)

माझ्या पणजीचा खरा पत्ता मला अशाच एका नोंदीत लागला. बाळ जगायची शक्यता नसेल आणि फादर वेळेत पोचणार नसतील तर घरातलं कुणीही, अगदी सुईणही, पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकते. नंतर पुस्तकात तसं नोंदवतात: मृत्यूच्या भयामुळे घरी दिला, अमुक बाईने दिला. त्या "अमुक बाई"च्या जागी माझी पणजी होती. एकदा नाही, बऱ्याचदा. ती गावची सुईण होती, हे आमच्या घरात कुणी कधी बोललंच नव्हतं. बोलले ते जपमाळेबद्दल. रात्री-अपरात्री कंदील घेऊन कुणाच्या तरी घरी जायचं, पोर निळं पडत असेल तर हातात पाणी घ्यायचं, पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही तीन नावं घ्यायची आणि सकाळी फादरना जाऊन सांगायचं, हे तिचं देवभक्त असणं होतं.

तारखा उतरवताना एक मेख लक्षात ठेवा. जुने फादर महिना आकड्यात लिहायचे: ७ च्या पुढे "ब्रिस" दिसलं तर तो जुलै नाही, सप्टेंबर. ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, फुलीसारखा रोमन दहा म्हणजे डिसेंबर. वयावर फार विश्वास ठेवू नका. "सुमारे साठ" म्हणजे पन्नासही असू शकतं.

म्हाताऱ्यांना विचारताना "ती कशी होती?" हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर तुम्हाला आधीच पाठ आहे. मिस्साला जाताना पायांत काही असायचं का, चर्चमध्ये कुठे बसायची, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेराला, म्हणजे सुगीच्या सणाला, भाताच्या लोंब्या कोणत्या शेतातून न्यायची, बाटलीत भरून ठेवायचा घरचा बाटली मसाला कुटायला कोण कोण जमायचं, लग्नघरी विधीसाठी विहिरीवरून उंबराचं पाणी आणताना ती पुढे असायची की मागे, असं विचारा. आत्या पहिल्या प्रश्नावर दोन वाक्यं बोलली. मसाल्याच्या प्रश्नावर दुपार गेली.

आता मरण. इथे घरचे लोक सर्वांत जास्त गोड करून सांगतात. पणजी "मोठ्या तापाच्या साली, गुड फ्रायडेला" गेली आणि त्याच दिवशी तिच्यासाठी मोठी मिस्सा झाली, असं आमच्याकडे सांगतात. हे तपासायला पंचांग पुरे. मोठा ताप म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. मुंबईत तो जूनमध्ये आला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याने कहर केला. त्या वर्षीचा गुड फ्रायडे होता २९ मार्चला. म्हणजे साल तरी चुकीचं, नाहीतर दिवस. शिवाय गुड फ्रायडेला मिस्साच होत नाही, मयताची तर नाहीच. दफनाच्या पुस्तकात पाहिलं तर शुक्रवार, ११ एप्रिल १९१९: झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेआधीच्या रविवारच्या, दोन दिवस आधी. ईस्टरआधीचा उपासकाळ खरा, शुक्रवार खरा, ताप आदल्या वर्षीचा. पुण्यवान बाईला एक आठवडा पुढे ढकलून चांगला दिवस दिला, इतकंच. दोन्ही गोष्टी लिहा, पुस्तकातली तारीख आणि घरची सांगोवांगी. खोडून टाकू नका.

नोंदीत शेवटचे संस्कार, म्हणजे मरणाआधी फादर देतात ते, मिळाले की नाही तेही असतं. मिळाले असतील तर फादर पोचायला वेळ होता, म्हणजे मरण बहुधा अचानक आलेलं नव्हतं. कारण हवं असेल तर तहसीलदार कचेरीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची, नक्कल मागा. जुन्या नोंदी मोडीत असू शकतात, तेव्हा मोडी वाचणारा गाठा. माझ्या पणजीच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात एकच शब्द आहे: "ताप". तेव्हा निम्मं गाव तापानेच मरायचं, म्हणून त्यावरून प्लेग की हिवताप असले तर्क लढवू नका.

कबर शोधत फिरू नका. आपल्याकडच्या चर्चच्या दफनभूमीत जागा कमी. काही वर्षांनी हाडं काढून तीच कबर दुसऱ्याला देतात. त्याऐवजी गावातले जुने क्रूस बघा. १८९६ च्या प्लेगनंतर बरेच उभे राहिले आणि कोरलेल्या नावांत घराणी सापडतात.

लिहिताना प्रत्येक वाक्यासमोर समासात लिहून ठेवा: पुस्तक, आत्या, की माझा अंदाज. मग साध्या कागदावर मोठ्या टायपात छापून नातेवाइकांना द्या, सोबत पेन्सिल द्या. फोनवर "छान लिहिलंय" म्हणणारे लोक कागदावर मात्र भरपूर चुका काढतात. आमच्या प्रतीवर बांधाच्या भांडणाशेजारी तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीन वेगवेगळी कारणं आली आहेत, आणि तिन्हींत दोष समोरच्याच घराचा आहे.