क्रूझवर पायात गोळे आणि अंगदुखी: या चुका टाळा

रात्रीचे तीन वाजलेले. केबिनला खिडकी नाही, त्यामुळे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. जहाज हळूहळू डुलत होतं. अशात आईच्या उजव्या पोटरीत गोळा आला. ती कळवळून उठली, एका पायावर लंगडत न्हाणीघराकडे निघाली आणि दाराशीच धडपडली. पाणी बाहेर येऊ नये म्हणून केबिनमधल्या न्हाणीघराला बहुतेक वेळा उंच उंबरठा असतो, तो अंधारात लक्षात कुठला राहायला! गोळा दोन-तीन मिनिटांत उतरला. ठेच लागलेला अंगठा मात्र सहल संपेपर्यंत ठणकत राहिला.

पायात येणारा गोळा, म्हणजे वांब, सहसा निरुपद्रवी असतो आणि आपला आपण जातो. खरा त्रास होतो तो त्या घाईत आपण जे करतो त्याचा. आणि जहाजावर कोपऱ्यावर औषधाचं दुकान नसतं, म्हणून चूक निस्तरणंही अवघड जातं.

चूक पहिली: गोळा आला की उठून धावणं

बिछान्यातच थांबा. गुडघा सरळ करा आणि पायाचा चवडा नडगीच्या दिशेने हळूहळू ओढून धरा. हात तिथवर पोचत नसेल तर टॉवेल चवड्याला अडकवून त्याची दोन्ही टोकं स्वतःकडे ओढा. अर्धा मिनिट धरा, सोडा, पुन्हा धरा. हिसका देऊ नका. आवळलेल्या स्नायूला झटका बसला तर त्याचे तंतू दुखावतात आणि दोन मिनिटांचं दुखणं आठवडाभराचं होतं. गोळा सैल पडू लागला की पोटरी तळहाताने चोळा, मग दिवा लावा, पलंगाचा आधार घेऊन उभे राहा आणि टाच जमिनीला टेकवून वजन द्या. मांडीच्या पुढच्या बाजूला गोळा आला असेल तर उलट करायचं: गुडघा दुमडून टाच मागे नितंबाकडे न्यायची. तळपायात आला असेल तर पायाची बोटं वर ओढायची.

रात्री उशाशी छोटी बॅटरी ठेवा किंवा न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवा. एवढं केलं असतं तर आईचा अंगठा वाचला असता.

घट्ट खोचलेली चादर

ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. केबिन आवरणारा कर्मचारी पांघरूण पायथ्याशी गादीखाली अगदी ताणून खोचतो. दिसायला सुरेख दिसतं. पण उताणं झोपलं की त्या ताणाने पायाचे चवडे खाली दाबले जातात आणि पोटरीचा स्नायू रात्रभर आखडलेल्या, आखूड स्थितीत राहतो. त्या स्थितीत तो जरा आकुंचन पावला तरी गोळा येतो. झोपण्यापूर्वी पायथ्याची चादर ओढून मोकळी करा. कुशीवर झोपत असाल तर पावलं पलंगाच्या कडेबाहेर थोडी येऊ द्या. रोज संध्याकाळी चादर पुन्हा खोचलेली असेल, तेव्हा कर्मचाऱ्याला एकदा सांगून ठेवलेलं बरं.

दिवसभर पाय काय करतात, याचा हिशेब न ठेवणं

जहाजावर आपण आराम करतोय असं वाटतं. पण डुलत्या जमिनीवर तोल सांभाळताना घोटे, पोटऱ्या आणि कंबर यांचे स्नायू सतत बारीक बारीक काम करत असतात. जहाजाच्या पाण्याखालच्या पंखांमुळे डावी-उजवी डुलणी कमी होते. पुढचं टोक वर-खाली होतं ती हालचाल त्यांना फारशी आवरत नाही. मोठ्या जहाजाची लांबी 300 मीटरहून जास्त असते, म्हणजे जेवणघरापर्यंतच्या तीन-चार फेऱ्यांतच बरीच पायपीट होते. त्यावर बंदराच्या गावातली फिरती: आधी रांगेत तासभर उभं राहणं, मग दगडी रस्ते, चढउतार, आणि पायात सपाट तळाची चप्पल.

पहिल्या दिवशी सगळं बघून टाकायचा मोह आवरा. बंदरावर उतरताना टाचेला आधार देणारे, आधीपासून वापरात असलेले बूट घाला. नवे बूट क्रूझवर पहिल्यांदा घालणं ही हमखास होणारी चूक. केबिन अजून निवडायची असेल आणि पाय-कंबर नाजूक असेल तर मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घ्या; तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं.

आणि झोपण्यापूर्वी तीन मिनिटं द्या. भिंतीसमोर हात टेकवून उभे राहा, एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, पुढे झुका. पोटरी ताणली गेली पाहिजे, दुखली नाही पाहिजे. मग मांडीचा मागचा भाग ताणा. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रात्री गोळे येणाऱ्या, वयाची 55 वर्षं ओलांडलेल्या लोकांनी सहा आठवडे रोज झोपण्याआधी हे ताण दिले, तेव्हा त्यांचे गोळे कमी झाले. म्हणून शक्य असेल तर प्रवासाच्या महिना-दीड महिना आधीच सुरुवात करा.

पाणी, क्षार आणि ऐकीव उपाय

उन्हात घामाघूम होऊन हिंडल्यावर येणारे गोळे आणि गार केबिनमध्ये रात्री येणारे गोळे, हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात घामावाटे मीठ जातं. तिथे नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. सावलीत बसा आणि ओआरएस घ्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून. जुलाब-उलट्यांनंतर गोळे येत असतील तरीही हेच. हृदयविकार, किडनीचा आजार किंवा मीठ कमी करायचा सल्ला असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठेवा.

रात्री पायात येणाऱ्या गोळ्यांसाठी मात्र लोक सर्रास मॅग्नेशियम घेतात. कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था; तिच्या 2020 मध्ये अद्ययावत झालेल्या आढाव्यानुसार वयस्कर लोकांमध्ये त्याने जाणवण्याजोगा फायदा होण्याची शक्यता कमीच आहे. वर त्याने जुलाब होऊ शकतात, आणि जहाजावर जुलाब लागले तर संसर्गाच्या शंकेने तुम्हाला केबिनमध्येच थांबवून ठेवू शकतात. क्विनाइन हे मलेरियावरचं औषध तर स्वतःच्या मनाने घेऊच नका. रक्तातल्या प्लेटलेट्स घसरणं, हृदयाचे ठोके बिघडणं असे त्याचे गंभीर परिणाम आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2006 मध्ये पायाच्या गोळ्यांसाठी ते वापरू नये असा स्पष्ट इशारा दिला होता.

गोळे वारंवार येत असतील तर नेहमीच्या औषधांकडे बघा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या, दम्याचे काही इनहेलर यांनी गोळे येऊ शकतात. पण ती औषधं भर समुद्रात स्वतःहून बंद करू नका.

वेदनाशामक गोळ्यांच्या चुका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून वाचा.

एक तर, उतरलेल्या गोळ्यासाठी वेदनाशामकाची गरजच नसते. गोळी पोटात जाऊन काम सुरू करीपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, तोवर वांब कधीच गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी राहिलेल्या ठणक्यासाठी किंवा कंबर धरली असेल तर ती कामाची.

पॅरासिटामॉल बऱ्याच जणांसाठी सुरक्षित, पण निरोगी प्रौढाला 24 तासांत कमाल 4 ग्रॅम. 650 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या झाल्या की तुम्ही जवळपास त्या काठावर असता. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायचं राहून जातं. यकृताचा आजार असेल, वजन कमी असेल किंवा रोजचं मद्यपान असेल तर मर्यादा आणखी खाली येते. यात जहाजावरचा एक खास घोळ आहे. पूर्व-पश्चिम प्रवासात रात्रीतून घड्याळ तासभर पुढे-मागे केलं जातं. रात्री दोनला गोळी घेतली आणि सकाळी घड्याळात सहा वाजलेले दिसले, म्हणजे चार तास झालेच असं नाही. गोळी घेतल्यावर मोबाइलमध्ये चार, सहा किंवा आठ तासांचा टायमर लावा आणि घड्याळाकडे पाहू नका.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गटातल्या गोळ्या उपाशीपोटी, दारूसोबत किंवा अंगातलं पाणी कमी झालेलं असताना घेऊ नका. रक्तदाबाची काही औषधं, लघवी वाढवणारी गोळी आणि या गटातलं वेदनाशामक, अशी तिन्ही एकत्र आली की किडनीवर भार येतो. त्यात दिवसभराचं ऊन आणि कमी प्यायलेलं पाणी जमेला धरा. अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. वरून त्याच औषधाचं जेल चोळणं आणि आतून गोळी घेणं, हाही दुहेरी डोसच.

बोट लागू नये म्हणून घेतलेली गोळी किंवा कानामागे लावलेली स्कोपोलामिनची पट्टी गुंगी आणते. स्नायू सैल करणारी गोळीही गुंगी आणते. दोन्ही एकत्र, वर एखादा पेला, आणि पायाखाली हलतं जहाज! लोक पडतात ते असे. पट्टीला हात लावल्यावर हात धुवा, नाहीतर तेच बोट डोळ्याला लागून नजर धूसर होते.

शेक की बर्फ?

आखडलेल्या, अवघडलेल्या स्नायूला शेक. नुकत्याच मुरगळलेल्या, सुजलेल्या घोट्याला पहिले एक-दोन दिवस बर्फ, तोही कापडात गुंडाळून, एका वेळी 15-20 मिनिटं. उलटं केलं तर सूज वाढते. विजेवर तापणाऱ्या वस्तू बहुतेक कंपन्या आगीच्या भीतीने जहाजावर आणू देत नाहीत. शेकाची गादी नेण्याआधी विचारा, नाहीतर रबरी पिशवी घ्या. तिच्यात उकळतं पाणी भरू नका आणि पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळूनच ठेवा. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर शेक टाळा, कारण भाजलेलं कळतच नाही. वेदनाशामक पट्टीवर किंवा जेल लावलेल्या जागी शेक घेऊ नका.

जेलबद्दल आणखी एक, आणि हे डेकवर उन्हात पडणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं. कीटोप्रोफेन या वेदनाशामकाचं जेल लावलेली त्वचा उन्हात भाजल्यासारखी लाल होऊन फोड येऊ शकतात. 2010 मध्ये युरोपीय औषध संस्थेने सांगितलं आहे की उपचार चालू असताना आणि नंतर दोन आठवडे ती जागा उन्हापासून झाकून ठेवावी, ढगाळ दिवशीसुद्धा.

गोळा समजून चोळू नये असं दुखणं

एकाच पायाची पोटरी दुखते, सुजते, हाताला गरम लागते, लालसर दिसते आणि ताण देऊनही दुखणं उतरत नाही, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. लांबचा विमानप्रवास करून जहाज पकडलं असेल तर जास्तच सावध राहा; जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केल्यावर हा धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं होतं. अशी पोटरी चोळू नका, मसाजलाही नेऊ नका. जहाजावरच्या डॉक्टरांकडे जा. सोबत धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर केबिनमधल्या फोनवरून लगेच मदत बोलवा. स्नायू प्रचंड दुखतात आणि लघवी गडद तपकिरी होते, हेही लगेच दाखवायचं दुखणं आहे. जहाजावरचे उपचार मोफत नसतात, म्हणून प्रवासविमा घेताना त्यात समुद्रावरचे उपचार आणि किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च धरलाय का, हे वाचून घ्या. बिलाच्या भीतीने दुखणं अंगावर काढण्याची वेळ येऊ देऊ नका.

औषधं चुकीच्या बॅगेत

बंदरावर मोठी बॅग ताब्यात दिली की ती केबिनपर्यंत यायला कधी कधी संध्याकाळ होते. आईची रक्तदाबाची गोळी तीत गेली होती आणि आम्ही दुपारभर दाराकडे डोळे लावून बसलो होतो. सगळी औषधं हातातल्या पिशवीतच हवीत, मूळ वेष्टनात, औषधाचं शास्त्रीय नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली वेदनाशामकं घेत असाल तर प्रत्येक बंदराच्या देशाचा नियम आधी पाहा. संयुक्त अरब अमिरातींमध्ये त्यांना पूर्वपरवानगी लागते, इजिप्तमध्ये ट्रामाडॉलवर कडक निर्बंध आहेत. तुमच्या घरी साधी असलेली गोळी तिथे गुन्हा ठरू शकते.

शेवटच्या रात्री पुन्हा तोच प्रसंग येतो. मोठ्या बॅगा झोपण्यापूर्वी केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट दुसऱ्या दिवशी बंदरावर मिळतात. बॅग बाहेर ढकलण्याआधी औषधांची पिशवी, शेकाची पिशवी आणि सकाळी घालायचे आधाराचे बूट बाहेर काढून पलंगावर ठेवा.