सॅटेलाइट पोकर: हातातल्या चिप्सवरून तिकिटाची शक्यता कशी काढावी

मे महिन्यात चाकरमानी वेंगुर्ल्याला आले की रात्री जेवणं उरकून आमच्या खळ्यात पत्ते बसतात. चिप्सऐवजी, म्हणजे डावावर लावायच्या चकत्यांऐवजी, काजूच्या बिया. बिया वाळलेल्याच घ्या, ओल्या बीचा चीक लागला तर हाताची कातडी सोलवटते. वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीची थोराड बी आणि गावठी बारकी बी एकाच मोलाची, हेही आधीच ठरवून टाका. पैसे आम्ही लावत नाही. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आहे, आणि हिशोब शिकायला बिया पुरतात.

सॅटेलाइट म्हणजे पोकरची अशी छोटी स्पर्धा, जिच्यात बक्षीस म्हणून मोठ्या स्पर्धेची जागा, म्हणजेच तिकीट, मिळतं. ख्रिस मनीमेकर २००३ साली ८६ डॉलरच्या सॅटेलाइटमधून पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या १०,००० डॉलर प्रवेश फीच्या मुख्य स्पर्धेत गेला आणि २५ लाख डॉलर जिंकला. इथली मेख अशी की दोन तिकिटं असतील तर पहिल्याला आणि दुसऱ्याला अगदी सारखंच तिकीट मिळतं. ढीगभर चिप्स जमवणाऱ्याला वर काही मिळत नाही.

आता हिशोबाला बसू. आमच्याकडे शनिवारच्या मोठ्या डावात बसायच्या दोन जागा होत्या आणि उरलेले चौघे. बिया ४०, ३०, २० आणि १०, एकूण १००.

आधी पहिलं येण्याची शक्यता काढा. आपल्या बिया भागिले एकूण बिया, एवढंच. २० बियांवाल्याची ०.२०.

मग दुसरं येण्याची. समजा ४०वाला पहिला आला, त्याची शक्यता ०.४०. त्याला बाजूला केलं की ६० बिया उरतात, त्यात तुमच्या २०. म्हणून ०.४० × २०/६० = ०.१३३. तसंच ३०वाला पहिला आला तर ०.३० × २०/७० = ०.०८६, आणि १०वाला आला तर ०.१० × २०/९० = ०.०२२. तिन्हींची बेरीज ०.२४१. त्यात आधीचे ०.२० मिळवा, तिकिटाची शक्यता ४४.१ टक्के.

बाकीच्यांची अशीच काढली तर ४०वाल्याची ७१.६, ३०वाल्याची ६०.८, १०वाल्याची २३.५ येते. चौघांची बेरीज २०० टक्के यायलाच हवी, कारण तिकिटं दोन आहेत. नाही आली तर कुठेतरी चुकलंय. ४०वाल्याकडे १०वाल्याच्या चौपट बिया आहेत, पण शक्यता जेमतेम तिप्पट. ही रीत संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ साली घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडली होती. पोकरमध्ये ती पोकरवर लिहिणारे मेसन मालमुथ यांनी आणली.

खरा उपयोग पुढे आहे. त्या रात्री तिघे उरले, बिया ५०, ४० आणि १०. माझा पुतण्या ४०वर. ५०वाल्याने पानं न बघताच ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या बिया एकदम लावल्या. पुतण्याच्या हातात एक्क्यांची जोडी. मी नंतर समजावत होतो तेव्हा तो म्हणाला, "काकानू, एक्के कोण टाकता?"

टाकावेत. पानं टाकली तर ४०वाल्याची शक्यता ८४.४ टक्के. कॉल करून, म्हणजे आपल्या सगळ्या बिया समोर लावून, जिंकला तर ८०, १०, १० होऊन ९७.८. हरला तर शून्य, तिथेच बाहेर. म्हणजे कॉल परवडायला जिंकण्याची शक्यता ८४.४ भागिले ९७.८, सुमारे ८६.४ टक्के हवी. आणि कुठल्याही दोन पानांविरुद्ध एक्क्यांची जोडी जिंकते सुमारे ८५.२ टक्के. यात ब्लाइंड धरलेले नाहीत; ब्लाइंड म्हणजे दर डावाआधी आळीपाळीने दोघांना लावाव्याच लागणाऱ्या बिया, एकाच्या कमी आणि दुसऱ्याच्या (बिग ब्लाइंड) जास्त. दोन बियांचा बिग ब्लाइंड त्यानेच लावलेला असता तर गरज ८५.३वर आली असती, तरीही एक्के काठावरच. एक्क्यांची ही गत, तर राजांच्या जोडीचं विचारूच नका. तो डाव तो हरला आणि शनिवारी बाहेर बसला, याची मला अजून हळहळ वाटते.

तिकिटं दहा-वीस असतील तर हा गुणाकार हाताने होत नाही. तेव्हा एकूण चिप्सना तिकिटांनी भागा. १०० खेळाडू, प्रत्येकी १०,००० चिप्स, १० तिकिटं, म्हणजे तिकिटामागे १ लाख. तुमच्याकडे त्याच्या आसपास चिप्स असतील तर जास्त चिप्सवाल्याच्या वाटेला जाऊ नका.

एक गोष्ट ही रीत धरतच नाही: कोण कुठे बसलंय आणि ब्लाइंड कोणाला कधी खाणार. ती स्वतः मोजा. १ आणि २चे ब्लाइंड असतील तर तिघांच्या फेरीत प्रत्येकाच्या ३ बिया जातात. १०वाला गप्प बसला तर तीन फेऱ्यांनी, म्हणजे नऊ डावांनी, त्याच्याकडे एकच बी उरते. त्याआधी त्याला ऑल-इन जावंच लागणार. तोवर पुतण्याला नऊ डाव पानं टाकत बसायचं होतं.