घोड्यासह रानात मुक्काम: आधी दोरी, मग तंबू

घोडा घेऊन रानात रात्र काढायचं ठरलं की बहुतेकजण आधी तंबू बघायला लागतात. तंबूचं नंतर बघू. घोडा रात्रभर कुठे आणि कसा उभा राहणार, कुठलं पाणी पिणार, एवढं पक्कं झालं की निम्मा मुक्काम पार पडला असं समजा.

गोव्यात यासाठी नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हाच काळ धरा. पावसाळ्यात लाल चिखलात भिजून खूर मऊ पडतात, त्यांच्या खाचांत कुज धरते. एप्रिल-मेच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे घोड्याचं अंग निवत नाही.

जागा आणि परवानगी

मोले, बोंडला, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई ही रानं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथे मुक्काम करायचा नाही. मोलेतला राष्ट्रीय उद्यानाचा भाग आणखी कडक आहे. राष्ट्रीय उद्यानात जनावरं चारायला मनाई आहे. आत जायची परवानगी असलेला माणूस ज्यावर बसून जातो, तेवढंच जनावर आत जाऊ शकतं. म्हणजे परवानगी असली तरी घोडा चरायला सोडायचा नाही, सगळी वैरण बरोबर न्यायची. अर्जात घोडे किती, वाट कोणती, रात्रीची जागा कुठली हे स्वच्छ लिहा.

माझं ऐकाल तर पहिला मुक्काम अभयारण्यात करूच नका. सत्तरी, धारबांदोडा, सांगे या तालुक्यांत रानाला लागून कुळागरं, म्हणजे पोफळी-माडांच्या बागा आहेत. मालकाला आधी भेटून, घोडा दाखवून जागा मागा. झऱ्याचं पाणी असतं, हाकेच्या अंतरावर माणूस असतो, आणि काही बिनसलं तर टेम्पो दारापर्यंत येतो.

घरची तालीम

निघण्याआधी दोन आठवडे नालबंदाला बोलवा. जांभ्या दगडाची वाट खुराला कानसासारखी घासते. सैल नाल तिथे टिकत नाही. पशुवैद्याकडून तपासणी करून प्रवासाला योग्य असल्याचा दाखला घ्या. घोडा गाडीतून न्यायचा तर प्राणी वाहतूक नियम, १९७८ प्रमाणे तो लागतोच.

मग घरच्या अंगणात, मुक्कामाला बांधणार तशाच दोरीवर घोडा निदान तीन रात्री बांधून बघा. पाण्यात थोडा गूळ विरघळवून पाजायची सवयही आतापासून लावा. अनोळखी पाण्याला घोडा तोंड लावत नाही, पण ओळखीची गूळचट चव लागली की पितो. वैरण बदलायची असेल तर हळूहळू, आठ-दहा दिवसांत बदला. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं चुकीचं खाणं पुढेच सरकतं आणि पोटशूळ उठतो.

दोरी

इथे घाई नको. घोडा सरळ झाडाला बांधला की तो रात्रभर बुंध्याभोवती टापा मारतो, मुळं उघडी पडतात, साल सोलली जाते. दोन भक्कम झाडांमध्ये त्याच्या डोक्याच्या वर, साधारण सव्वादोन मीटर उंचीवर, अंगठ्याएवढी जाड आणि न ताणणारी दोरी आडवी बांधा. बुंध्याभोवती आधी गोणपाटाची दुहेरी घडी किंवा रुंद पट्टा गुंडाळा. झाडं फणसाची, आंब्याची किंवा माट्टीची (ऐनाची) घ्या. पोफळ बारीक, ती हलते. आणि माड तर नकोच. पहिल्याच मुक्कामाला कुळागराचे मालक भाऊ म्हणाले होते, ‘माडाखाली बांधू नका, नारळ पडला तर घोडा जाईल.’

मोरकीची, म्हणजे घोड्याच्या तोंडावरच्या बंधाची दोरी या आडव्या दोरीला एका जागी, न सरकणाऱ्या गाठीने बांधा. लांबी अशी ठेवा की मान खाली घातल्यावर तोंड जमिनीला लागेल, पण दोरीचा झोळ जमिनीवर पडणार नाही. मी एकदा हातभर जास्त सोडली होती, माझ्या घोडीला, केशरला, निवांत चरता यावं म्हणून. रात्री तीनच्या सुमाराला नुसती फुरफुर ऐकू आली, खिंकाळणं नाही. बॅटरी मारली तर मागचा पाय दोरीच्या फासात, आणि ती थरथरत पण शहाण्यासारखी स्थिर उभी. सोडवणूक गाठ होती म्हणून एका झटक्यात सुटली. टाचेवरच्या खळीत दोरीने काढलेला तांबडा वळ सहा आठवडे भरत नव्हता. तेव्हापासून दोरीची लांबी मी झोपण्यापूर्वी दोनदा बघते.

दोन घोडे असतील तर मध्ये चार मीटर अंतर ठेवा. सुरी नेहमी कमरेला.

पाणी, चंदी, वैरण

चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं, उकाड्यात त्याहून जास्त. ओहोळावर घोडा नेऊ नका, काठ तुडवला जातो आणि लीद पाण्यात जाते. बादलीने आणून पाजा. मुक्काम पाण्यापासून साठेक मीटर दूर असू द्या. सुकी वैरण दिवसाला सहा ते आठ किलो, थोडी-थोडी करून; चंदी (दाणा) तोबऱ्यातून, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीतून, मुठीत मोजून. दिवसभर चालल्यावर चंदीत चमचाभर मीठ घाला, घामातून खूप जातं.

आसपासची झाडं उजेडात बघून घ्या. कण्हेर, काजऱ्याच्या बिया, घाणेरी, एरंड यांपासून घोडा लांब हवा. काजूच्या हंगामात झाडाखाली पडलेली बोंडं तो चवीने खातो आणि पोट बिघडवून घेतो.

रात्र

मुक्कामाला पोचल्यावर खोगीर लगेच काढा, अंगावर पाणी घाला, खरारा करा, नाल आणि खुरांच्या खाचा तपासा. कान, मान, शेपटीचं मूळ बोटांनी चाचपून गोचिडी काढा. स्वतःच्या अंगावरच्याही. २०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप गोचिडीतून येतो, आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका मुक्कामाच्या दिवसांतला. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पालापाचोळ्यात बसू नका. माकड मरून पडलेलं दिसलं तर तिथून निघा आणि आरोग्यकेंद्राला कळवा.

झोपण्यापूर्वी जबड्याच्या हाडाखालची नाडी बोटांनी मोजा. विश्रांतीत ती मिनिटाला २८ ते ४४ असावी. घोडा सारखा कुशीकडे बघतोय, टाप मारतोय, लोळायला बघतोय, लीद टाकत नाही असं दिसलं तर चंदी-वैरण बंद, हळू चालवा, पशुवैद्याला फोन करा. म्हणूनच मुक्कामाच्या जागी रेंज येते का, हे दिवसाच बघून ठेवायचं. गवा जवळ आला तर घोडा आधी ओळखतो. तो कान रोखून एकीकडे बघत राहिला तर बॅटरी लावून, बोलत बोलत त्याच्याजवळ उभे राहा.

निघताना

लीद फोडून पसरवा, म्हणजे लवकर सुकते आणि माश्या जमत नाहीत. उरलेलं गवत गोणीत भरून परत न्या. त्यातलं तणांचं बी रानात रुजतं. अमेरिकेतल्या पश्चिमेकडच्या अनेक राष्ट्रीय वनांत प्रमाणित तणमुक्त गवतच आत नेऊ देतात, ते याच कारणाने. टापांनी पडलेले खड्डे मातीने बुजवा, दोरी आणि गोणपाट सोडून घ्या, आणि निघण्यापूर्वी ज्या दोन झाडांना दोरी होती त्यांच्या बुंध्यावरून एकदा हात फिरवून साल शाबूत आहे ना ते बघा.