क्रॉस स्टिच शिकताय? सुई ओवण्याआधी या चुका टाळा

दर उन्हाळ्यात आमच्या सोसायटीतल्या चार-पाच जणी माझ्याकडे क्रॉस स्टिच, म्हणजे कापडाची घरं मोजून फुल्यांच्या टाक्यांनी करायचं भरतकाम, शिकायला येतात. जून उजाडेपर्यंत दोघी उरतात. बाकीच्यांचं काम कापड ताणून धरणाऱ्या रिंगसकट कपाटात जातं. कारण विचारलं की 'डोळे दुखतात' म्हणतात. डोळे नाही हो दुखत. पहिल्याच संध्याकाळी न मोजता सुई चालवलेली असते, आणि आठवड्याने ते कापड बघवत नाही, एवढंच.

सगळ्यात मोठा घोळ कापडाचा. दुकानात गेलं की मॅटी समोर येते. स्वस्त, रंग भरपूर, आपल्या आयांनी टीव्हीची कव्हरं आणि टेबलक्लॉथ त्यावरच भरले. मॅटीशी माझं वैर नाही. पण पहिलं काम आयडा कापडावरच करा, म्हणजे सारखी चौकोनी घरं विणलेल्या, १४ काउंटच्या. १४ काउंट म्हणजे एका इंचात १४ घरं, आडवी मोजा नाहीतर उभी. मॅटीच्या बाबतीत ही खात्री कुणी देत नाही. ते मी गणपती भरून शिकले.

नणंदेच्या वास्तुशांतीला द्यायचा म्हणून गोल प्रभावळीतला गणपती घेतला होता. ग्राफ, म्हणजे चौकटीच्या कागदावरचा नमुना, ११० घरं रुंद, ११० घरं उंच. घरात क्रीम रंगाची मॅटी पडलेली, म्हटलं कशाला नवीन कापड आणायचं? दोन महिने रोज रात्री जेवणं आटोपल्यावर बसत होते. मधेमधे वाटायचं की मुकुट जरा उंच दिसतोय, पण ग्राफप्रमाणेच चाललंय ना, मग असेल तसाच. पूर्ण झाल्यावर रिंगमधून काढला, जमिनीवर पसरला, तर प्रभावळ अंड्यासारखी आणि बाप्पाचं पोट पार आत गेलेलं. सासूबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "उपास धरलाय वाटतं यानं." मग पट्टी घेऊन मोजलं. आडवी इंचाला ११ घरं, उभी ९. म्हणजे रुंदी १० इंच आणि उंची १२ च्या वर! नणंदेने कौतुकाने भिंतीवर लावलाय, आणि आल्या-गेल्याला त्याची गोष्टही सांगते.

तेव्हापासून कापड कुठलंही असो, पट्टी ठेवून दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच मोजल्याशिवाय मी कात्री लावत नाही. मॅटीत फरक निघाला तर त्यावर किनारी भरा, बुट्टे भरा. गोल काही भरू नका.

कापतानाही हिशेब सोपा आहे. घरं भागिले काउंट. १४० घरांचं डिझाइन १४ काउंटवर १० इंच होतं. चारही बाजूंना तीन-तीन इंच सोडा, म्हणजे १६ इंचांचा तुकडा. 'एवढं कापड वाया कशाला घालवू?' असं विचारणाऱ्या बाईला फ्रेमवाला नंतर विचारतो, 'ताई, मागे दुमडायचं तरी काय?'

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे एका घराची चूक. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एक ठिपका चुकला की शेवटची ओळ जुळत नाही. तरी माझ्याकडच्या एकीने टेबलमॅटची वेल भरताना तिसऱ्याच पानाला एक घर जास्त सोडलं. मी दाखवलं, तर म्हणाली, "काकू, कुणाला कळणार आहे?" तीन बाजू फिरून चौथ्या कोपऱ्यावर आली तेव्हा वेलीची दोन टोकं एकमेकींच्या वर-खाली. आता उसवायचं म्हणजे सगळंच. तिने उसवलं नाही, तिथे एक फुलपाखरू बसवलं. ते फुलपाखरू मला अजून खुपतं.

चूक दिसली की त्याच बैठकीत उसवा. उसवलेला दोरा पुसट आणि केसाळ होतो, तो परत वापरू नका. आणि मुळात चूक होऊ नये म्हणून कापडाची दोनदा घडी घालून मध्य काढा, तिथून दर १० घरांवर साध्या शिलाईच्या दोऱ्याने लांब धावदोऱ्याच्या रेषा मारा. ग्राफवरही दर १० घरांना जाड रेघ असतेच. एक संध्याकाळ यात जाते, आणि याच संध्याकाळी निम्म्या जणींचा धीर सुटतो. पुसल्या जाणाऱ्या पेनांवर माझा विश्वास नाही. पाण्याने जाणाऱ्या पेनावर चुकून इस्त्री फिरली तर रेघ कायमची बसते, आणि इस्त्रीने जाणारी रेघ थंडीत परत डोकं वर काढू शकते.

दोरा सहा पदरी असतो. १४ काउंटला दोन पदर पुरतात. पदर एकेक करून वर ओढून काढा, दोन एकदम ओढलेत तर गुंता तुम्हीच सोडवा. लांबी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, बस्स. सारखी सुई ओवायचा कंटाळा म्हणून दीड-दीड मीटर घेणाऱ्या जणी ओवण्यापेक्षा जास्त वेळ गाठी सोडवण्यात घालवतात. पीळ बसला की सुई खाली लोंबकळत सोडा, तो आपोआप उलगडतो. सुई बोथट टोकाची, २४ नंबरची.

मागे गाठ मारू नका. एकच पदर दुप्पट लांब घेऊन मधोमध दुमडा, दोन्ही सुटी टोकं नेढ्यातून ओवा, आणि पहिला टाका घालताना मागे राहिलेल्या फासातून सुई काढा.

फुलीचा वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला. यावर चर्चा नाही.

मोबाइलवर नातवाच्या फोटोचा ग्राफ करून आणू नका, निदान पहिल्या वर्षी तरी. २०० गुणिले २५० म्हणजे ५०,००० फुल्या, रंग साठ. तासाला सव्वाशे फुल्या घातल्या तरी ४०० तास. दोन-तीन रंगांचं, ४० घरांचं एखादं फूल घ्या.

रोज उठताना रिंग काढून ठेवा, नाहीतर गोल वळ जाता जात नाही. पावसाळ्यात सुई कापडात टोचून ठेवलीत तर गंजाचा डाग पडेल. लाल दोरा पांढऱ्यावर भरला असेल तर गार पाण्यात धुवा. रंग सुटलाच तर तसंच वाळत घालू नका, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळत राहा. मग खाली जाड टॉवेल, काम पालथं, आणि इस्त्री मागच्या बाजूने.