परसातल्या करवंदी-तुतीवर बुरशी येते, त्याचं काय करायचं

रानातल्या करवंदीला कोण औषध मारायला जातं? कातळावर, गडग्याच्या कडेला ती आपली वाढते नि वैशाखात लगडते पण. तीच परसात आणून लावली, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण बोल्ड जात आणली तरी तेच, रोज पाणी, मूठभर युरिया, वर फणसाची सावली, की दोन वर्षांत पानांवर ठिपके, शेंडे वाळलेले, आणि मग आपण दुकानात जाऊन "बुरशीचं कायतरी द्या हो". मी पण हेच केलंय. आपल्याकडे कोकणात ३००० मिलिमीटरच्या आसपास नि कुठे कुठे त्याच्याही वर पाऊस, पान दिवस दिवस सुकत नाही, मग श्रावणात पंप पाठीला लावून काय होणार? जे काय करायचं ते मुख्यतः आगोटीलाच, म्हणजे पावसाच्या तोंडावर, घर शाकारायचं, लाकडं भरायची त्याच दिवसांत.

फळं उतरली की छाटणी. काट्यांमुळे आपण टाळतो, पण जाळी आतून मोकळी केल्याशिवाय वारा खेळत नाही. हाताला गोणपाट गुंडाळा, लांब दांड्याची कात्री घ्या. जमिनीपासून दीडेक फुटापर्यंतच्या फांद्या काढूनच टाका, कारण खालच्या पातेऱ्यावर पावसाचा थेंब आपटला की चिखलाबरोबर बुरशीचे बीजाणू उडतात ते आधी खालच्याच पानांवर बसतात. शेंडा वाळला असेल तर वाळला तेवढाच तोडून थांबू नका. कापलेल्या तोंडाकडे बघा, आत तपकिरी दिसतंय तर अजून खाली या, पांढरट-हिरवं लाकूड लागलं नि चीक यायला लागला की त्याच्याही दोन इंच खाली कापायचं. मधे मधे कात्री स्पिरिटने पुसायची. कापलेलं नि झाडाखालचा रोगट पातेरा जाळा, खताच्या खड्ड्यात नको. आणि उन्हाळ्यात केलेलं आळं आता मोडायचं, उलट बुंध्याशी मातीची भर द्यायची, नाहीतर पाणी साचून मुळंच कुजतात, आणि मुळं कुजली की वरून काय पण फवारा.

मग बोर्डो, म्हणजे मोरचूद नि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण. सुपारीला कोळेरोगासाठी मारतात तेच, त्यामुळे घरात कोणाला ना कोणाला येत असेलच. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) एका प्लॅस्टिकच्या बालदीत ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या बालदीत ५ लिटरमध्ये विरवून गाळून, आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत काठीने ढवळत राहायचं. लोखंडी बालदी नको. आभाळासारखा निळा रंग आला की घासून चकचकीत केलेला खिळा मिनिटभर त्यात धरा, त्याच्यावर तांबूस थर चढला तर अजून चुन्याचं पाणी घाला, नाहीतर पानं भाजतात. हे मी एकदा "दिसतंय की बरोबर" म्हणून केलं नाही आणि आठवड्यात झाडाखाली पानांचा सडा. केलेलं त्याच दिवशी संपवा, शिळं मारू नका. चिकटायला राळ घालतात ती घाला. मिरगाच्या आधी एक हात, मग पावसाने उघडीप दिली की महिना-दीड महिन्याने दुसरा. छाटणीच्या जखमांवर तेच मोरचूद-चुना १०० नि १०० ग्रॅम, पण एकाच लिटर पाण्यात, घट्ट, ब्रशने लावायचं.

बोर्डोचा खटाटोप नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड मिळतं, १० लिटरला २५ ग्रॅम. मास्क, हातमोजे घाला.

आता तुती. आमची तुती मी हौसेने घराला लागून, बरोबर पागोळीखाली लावली होती. दरवर्षी जुलैत पानांवर तपकिरी ठिपके, ठिपक्यांचा मधला भाग गळून पान चाळणीसारखं, मी औषधं बदलत बसलो आणि दोष पागोळीचा. तिथून काढून उन्हात, दोन हात मोकळी लावल्यावर अर्ध्याच्या वर त्रास असाच गेला.

तुतीचा दुसरा त्रास थंडीत, भुरी. ही पाऊस नसताना येते त्यामुळे लोक गोंधळतात. पान उलटं करून बघा, खालच्या बाजूला पिठासारखा पांढरा थर, नंतर तो पसरून पान पिवळं पडतं. पाण्यात विरघळणारं गंधक १० लिटरला २० ग्रॅम, पानाच्या खालून लागेल असं, सकाळी किंवा उन्हं कलल्यावर, भर दुपारी मारलंत तर पानं करपतील. कडुलिंबाचं तेल मारलं असेल तर दोन आठवडे गंधक नको. खरं सांगू तर भुरी फारच पसरली असेल तर मी औषध मारतच नाही, तुती सरसकट छाटतो, नवी फूट येते आणि फळं त्या नव्या फुटीवरच धरतात.

आणि पान वरून काजळी फासल्यासारखं काळं झालं, बोटाने पुसलं की निघतंय, तर ती बुरशी पानात शिरलेलीच नाही. मावा किंवा पिठ्या ढेकूण चिकट गोड पाणी सोडतात त्याच्यावर ती वाढते, फांदीवरून मुंग्यांची रांग दिसेल बघा. तिथे बुरशीनाशकाचे पैसे वाया. १ लिटर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा साबण, आठवड्याने परत, किडे गेले की काजळी आपोआप सुटते.

फुलोऱ्यावर काहीच मारायचं नाही, आणि फळाला रंग चढायला लागला की पण पंप ठेवून द्यायचा, पुड्यावर किती दिवस थांबा लिहिलेलं असतं ते वाचा. मे महिन्यात मुंबईहून आलेली पोरं झाडाखाली उभी राहून न धुताच खातात.