‘पित्ताची गोळी द्या’: काउंटरवर शिकलेली फार्मसी

कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या एका मेडिकलात मी पहिल्यांदा काउंटरला उभी राहिले तेव्हा डी.फार्म.ची दोन वर्षं संपून ५०० तासांचं ट्रेनिंग सुरू झालं होतं. पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, पित्ताची गोळी द्या." मी ऐटीत पॅन्टोप्राझोल ४०ची स्ट्रिप काढली. मालक काकांनी ती माझ्या हातातनं काढून घेतली आणि त्याला विचारलं, "नेमकं काय होतंय?" त्यानं बाही वर केली. दंडभर गांधी उठल्या होत्या. त्याचं पित्त अंगावर होतं आणि मी पोटाची गोळी देत होते. शिवाय ती शेड्यूल एचमधली, म्हणजे चिठ्ठी मागायची असते, हेही मी विसरले होते.

घशाशी आंबट येणं, अर्धं डोकं ठणकून उलटी होणं, करपट ढेकर, अंगावरच्या गांधी, सगळ्याला आपल्याकडं नाव एकच. यकृतात तयार होणारं पुस्तकातलं पित्त यातल्या कशातच नसतं. नव्या पोरापोरींनी पहिला महिना हा एक शब्द सोडवायला शिकण्यात घालवावा. पाठांतर नंतरही होतं.

पाठांतरात औषधांच्या नावांच्या शेपट्या कामाला येतात. ‘प्राझोल’ म्हणजे आम्ल बनवणारा पंप बंद करणारी, ‘टिडीन’ म्हणजे आम्ल कमी करणारी एच-टू ब्लॉकर, ‘सेट्रॉन’ म्हणजे उलटीवरची. पण आरिपिप्राझोल मानसिक आजारांवरचं औषध आहे. नुसत्या शेपटीवर विसंबून ते पोटाच्या औषधांच्या रॅकला लावायला निघालेली मी एकटीच नसेन. टिडीनमधली रॅनिटिडीन म्हातारी माणसं अजून नावानं मागतात. तिच्यात एनडीएमए ही कर्करोगाशी जोडली जाणारी अशुद्धी सापडल्यावर एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत ती बाजारातून काढायला लावली आणि २०२२ मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ती गेली.

‘प्राझोल’ मात्र नीट समजून घ्या, कारण दिवसभर त्याच्याबद्दलच बोलावं लागतं. रविवारी रात्री मटणाबरोबर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या चार वाट्या होतात, छातीत जळजळ सुरू झाली की माणूस गोळी टाकतो आणि सोमवारी येऊन सांगतो, "काय फरक नाही ओ." फरक कसा पडणार? गोळीवरचं आवरण जठरात टिकतं आणि आतड्यात विरघळतं. तिथून औषध रक्तात जातं आणि मग जठराच्या पेशींतल्या पंपांपर्यंत पोचतं. तेही चालू असलेलेच पंप ते बंद करतं, आणि पंप चालू होतात जेवणानं. रक्तात ते टिकतं तासदोन तास. म्हणून नाष्ट्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची, आणि पूर्ण गुण यायला तीनचार दिवस लागतात. आवरण असल्यानं चावायची किंवा कुटायची नाही. रश्श्यानंतरच्या जळजळीला अँटासिडचं पातळ औषध बरं, ते मिनिटांत काम करतं. त्यातल्या ॲल्युमिनियमनं पोट धरतं, मॅग्नेशियमनं सैल होतं, म्हणून बहुतेक बाटल्यांत दोन्ही असतात.

पण अँटासिड सगळ्याबरोबर चालत नाही, हे मला ऑगस्ट २०१९च्या पुरानंतर कळलं. पंचगंगेचं पाणी ओसरल्यावर लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या धास्तीनं डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या येत होत्या. ती गोळी अन्ननलिकेत अडकली की जळजळते, त्यामुळं लोक वरनं अँटासिड मागत, आणि मी दोन्ही एकाच पिशवीत घालून देत होते. अँटासिडमधले धातू डॉक्सीला बांधून ठेवतात, मग ती रक्तात नीट जातच नाही. दोन्हींत दोनतीन तासांचं अंतर हवं. गोळी भांडंभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, एवढं सांगितलं असतं तर निम्म्या जणांना अँटासिड लागलंच नसतं.

जुलाबाचं थोडक्यात सांगते. ओआरएसचं २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण. एका बापानं ते वाटीभर पाण्यात कालवून लेकराला पाजायला घेतलं होतं. तेव्हापासनं मी पाकिटाशेजारी लिटरची बाटली ठेवून दाखवते. लहान मुलांसाठी झिंकची आठवण करा. शौचात रक्त किंवा अंगात ताप असेल तर जुलाब थांबवणारी लोपेरामाइड हातात ठेवू नका, डॉक्टरकडं पाठवा.

एक तालमीतला गडी महिनाभर आमच्याकडनं पित्ताची गोळी नेत होता. काकांनी एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं, "शी कसल्या रंगाची होते?" डांबरासारखी काळी. "लोहाच्या गोळ्या चालू आहेत?" त्यांनीही शी काळी होते. पण नाहीत. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी मात्र रोज, तेही पहाटे रिकाम्या पोटी. पोटात रक्तस्राव होत असणार, म्हणून काकांनी त्याला तसाच सीपीआर या सरकारी दवाखान्यात धाडला.

काही दिवसांनी तो चिठ्ठी घेऊन आला. पॅन्टोप्राझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन, १४ दिवस. डायक्लोफेनॅक बंद.

"अल्सरला अँटिबायोटिक कशाला, ताई?"

मी त्याला एच. पायलोरी जंतूचं सांगितलं. हाच जंतू जठराला सूज आणतो आणि त्यातून अल्सर होतो हे कुणाला पटेना, म्हणून १९८४ मध्ये बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन दाखवलं, आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरेनबरोबर त्याला नोबेल मिळालं.

पैलवानानं स्ट्रिपा खिशात घातल्या. "कुठल्या तालमीचा म्हणायचा ह्यो?"