मर्मर ऐकायला शिकवताना मोबाइल कसा वापरावा

बेळगावात एमबीबीएसच्या मुलांना मेडिसिन शिकवतो, म्हणून नव्याने शिकवायला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. घसादुखीतून ऱ्हुमॅटिक ताप आणि त्यातून हृदयाची झडप आकसलेले रुग्ण आपल्याकडे अजून येतात. त्यामुळे माइट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे माइट्रल झडप अरुंद झाल्याचा, मर्मर (ठोक्यांच्या मधे येणारा जादा आवाज) कानात बसलाच पाहिजे.

आधी वर्गात रेकॉर्डिंग ऐकवा, पण मोबाइलच्या स्पीकरवर नको. हा मर्मर खर्जातला, आणि बारक्या स्पीकरमधून खालचे सूर नीट निघतच नाहीत. हृदयाच्या ठोक्याचा पहिला ध्वनी आणि ओपनिंग स्नॅप (झडप उघडतानाची टिचकी) ऐकू येतात, नेमकी घरघर हरवते. कान झाकणारे हेडफोन द्या. सुरुवातीला संथ ठोक्यांचं नॉर्मल रेकॉर्डिंग लावा आणि प्रत्येक पहिल्या ध्वनीला बाकावर बोट आपटायला सांगा. बोट चुकायचं थांबलं की मगच मर्मर. मग नाव न सांगता रेकॉर्डिंग लावा. काय ऐकलं ते मुलांनी कागदावर रेघांनी काढायचं, बोलायचं नाही. एक हुशार मुलगा बोलला की बाकीच्यांचे कान बंद होतात.

वॉर्डात मोबाइल खिशात. खानापूरकडची मावशी असेल तर, ‘मावशी, डाव्या कुशीवर वळा, श्वास सोडा, जरा थांबा,’ एवढं मुलानेच सांगावं. स्टेथोस्कोपची बेल (वाटीसारखी बाजू) अपेक्सवर, म्हणजे हृदयाच्या टोकाशी, अलगद टेकवायची. दाबली तर कातडी ताणून तिचा डायफ्राम (सपाट पडदा) होतो आणि खर्ज जातो. दुसऱ्या हाताची बोटं मानेतल्या कॅरॉटिड धमनीवर. मनगटाची नाडी उशिरा लागते, तिच्यावर वेळ जुळवू नका. एका वेळी दोनच मुलं. धाप लागलेल्या बाईला दहा जणांनी कुशीवर ठेवणं मला मान्य नाही.

डिजिटल स्टेथोस्कोप असेल तर एकदाच टेकवून सगळ्यांना ऐकवता येतं. रेकॉर्ड करायचं तर लेखी संमती घ्या, फाइलला नाव-नंबर देऊ नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच टाकू नका.

रुग्ण गोकाककडचा, फक्त कानडी बोलणारा असला तर भाषांतराचं ॲप त्याच्या तोंडासमोर धरू नये. माणूस स्क्रीनकडे बघत राहतो, दुखणं सांगायचं राहून जातं. कानडी मित्राकडून नेहमीचे प्रश्न व्हॉइस नोटवर घेऊन मुलांनी हॉस्टेलवर घोटावेत. वॉर्डात अडलं तर सिस्टरांना विचारावं.

२०१९ च्या बॅचपासून आलेल्या अभ्यासक्रमात लॉगबुक (शिकलेल्या कामांवर सह्या घ्यायची वही) आहे, पण सही मिळाली म्हणजे कान तयार झाला असं नव्हे. सहीआधी जागा, रुग्णाची स्थिती, मर्मर सिस्टोलमधला (हृदय आकुंचन पावतानाचा) की डायस्टोलमधला (सैल पडतानाचा), हे विचारा. इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) व्हिडिओ सगळ्यांचं लिहून झाल्यावरच उघडा, नाहीतर कान रिपोर्टमधलंच ऐकतात. ज्याने ‘ऐकू आला नाही’ असं खरं लिहिलं, त्याला शाबासकी द्या. रुग्ण बाईची विश्रांती झाली की तिला विचारून त्या मुलाला पुन्हा खाटेपाशी न्या.